आवळा कुणाचा, कोहळा कुणाचा: फ्लोरिडा पँथर्सचा २०२२ चा उन्हाळा

शुक्रवार, २२ जुलै २०२२ ची रात्र. नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, जुलैचे शेवटचे दिवस सुस्तीचे असतात. ड्राफ्ट (नव्या तरुण खेळाडूंची वार्षिक निवड) उरकलेला, करारमुक्त खेळाडूंची झुंबड ओसरलेली, जनरल मॅनेजर मंडळी कुठल्यातरी तळ्याकाठी गळ टाकून बसलेली. अशा वेळी बातमी आली की कॅलगरी फ्लेम्सने आपला चोवीस वर्षांचा विंगर मॅथ्यू कचक (स्पेलिंगमधला पहिला ‘टी’ मुका असतो) फ्लोरिडा पँथर्सला दिला, सोबत २०२५ चा चौथ्या फेरीचा सशर्त पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचा हक्क. बदल्यात फ्लोरिडाने दिलं ते असं: आदल्या मोसमात ११५ गुण (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोल घडवणारा पास, दोन्हींना एकेक गुण) मिळवणारा जोनाथन ह्युबर्डो, बचावाच्या पहिल्या जोडीतला मॅकेंझी वीगर, होतकरू फॉरवर्ड कोल श्विंट, आणि वर २०२५ चा पहिल्या फेरीचा सशर्त पिक.

एकाच्या बदल्यात तिघं आणि वर पिक! आवळा देऊन कोहळा काढला असं म्हणायचं तर ते कॅलगरीबद्दलच म्हणावं, अशी त्या रात्री पुष्कळांची समजूत होती. माझीही होती. पुढे हिशेब उलटा निघाला, पण निकाल कळल्यावर शहाणपण सुचायला काय लागतं? म्हणून हे प्रकरण आधी त्या रात्रीच्या कागदावरच तपासायचं आहे. त्या दिवशी जे माहीत होतं तेवढ्यावर हा सौदा पटण्यासारखा होता का? आणि संघाच्या उरलेल्या फळीला तो झेपणारा होता का? या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येतात, आणि ती एकत्र केल्यानेच तेव्हा आमच्यासारख्यांचा घोळ झाला असं मला वाटतं.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की निळं-हिरवं टर्फ आणि अकरा जण डोळ्यांपुढे येतात. बर्फावरच्या हॉकीत एका वेळी गोलरक्षक धरून सहाच जण, आणि गोलरक्षक सोडला तर बाकीचे पाऊण-एक मिनिटाला बदलत राहतात, तेही खेळ न थांबवता. सामन्याला बारा फॉरवर्ड लागतात (तीन-तीन जणांच्या चार ओळी), सहा बचावपटू (तीन जोड्या) आणि दोन गोलरक्षक. साठ मिनिटांच्या सामन्यात पहिल्या ओळीतला फॉरवर्डसुद्धा वीस-बावीस मिनिटं खेळतो. उरलेली चाळीस मिनिटं कुणीतरी भरायचीच असतात. क्रिकेटमध्ये बाराव्या गड्याने पाणी नेऊन दिलं तरी भागतं. इथे चौथ्या ओळीतल्या माणसालाही रोज आठ-दहा मिनिटं अंगाला अंग भिडवावं लागतं. याला तिकडे ‘डेप्थ’ म्हणतात. उन्हाळ्यातला कुठलाही सौदा तोलताना कोणता तारा आला हे तर बघायचंच, पण त्या चाळीस मिनिटांचं काय झालं हेही बघायचं.

पैशाची गोष्ट आयपीएल बघणाऱ्याला लगेच कळेल. प्रत्येक संघाला पगाराची कमाल मर्यादा असते, ती ‘कॅप’. २०२२-२३ साठी ती ८ कोटी २५ लाख डॉलर होती. फरक असा की आयपीएलमध्ये दर काही वर्षांनी मेगा लिलाव होतो आणि पाटी बरीचशी कोरी होते. इथे तशी सोय नाही. करार तेव्हा आठ-आठ वर्षांचे असत, आणि एखादा फसला की तो घरजावयासारखा आठ वर्षं ठाण मांडून बसे.

आता फ्लोरिडाची त्या उन्हाळ्यातली अवस्था. २०२१-२२ च्या मोसमात या संघाने १२२ गुण मिळवून साखळीत पहिला क्रमांक पटकावला होता. ३४० गोल केले होते. सामन्याला चारच्या वर. मोसमाच्या सुरुवातीलाच, ऑक्टोबर २०२१ मध्ये, मुख्य प्रशिक्षक जोएल क्वेनविल यांना शिकागोतल्या जुन्या प्रकरणाच्या चौकशीनंतर राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी हंगामी म्हणून आलेल्या अँड्र्यू ब्रुनेटने हा पराक्रम करून दाखवला. प्लेऑफच्या पहिल्या फेरीत त्यांनी वॉशिंग्टनला हरवलं. १९९६ नंतर पँथर्सने जिंकलेली ती पहिली मालिका.

आणि मग टॅम्पा बे लाइटनिंग. त्याच राज्यातले शेजारी, लागोपाठ दोनदा लीगचा चषक, म्हणजे स्टॅनले कप, जिंकलेले. चार सामने, चार पराभव, आणि त्या चार सामन्यांत फ्लोरिडाचे गोल किती? तीन. मोसमभर सामन्याला चार गोल करणाऱ्या संघाचे चार सामन्यांत मिळून तीन. पॉवर प्लेचे आकडे तर वाचवत नाहीत: प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला, अशा ३१ संधी त्या दोन मालिकांत मिळाल्या आणि एकच गोल झाला.

जनरल मॅनेजर बिल झिटोने यातून जो अर्थ काढला, त्यातून पुढचं सगळं निघालं. त्याचं निदान असं दिसतं: आपण मोकळ्या बर्फावर वेगाने धावून गोल करणारा संघ आहोत, आणि एप्रिलनंतर बर्फ मोकळा राहत नाही. प्लेऑफमध्ये गोलपोस्टसमोर गर्दी होते, पक (चेंडूऐवजीची रबरी चकती) कोपऱ्यात अडकतो, आणि तिथून तो उकरून काढणारी माणसं लागतात. सर्वोत्तम प्रशिक्षकाच्या पुरस्कारासाठी शेवटच्या तिघांत नाव असलेल्या ब्रुनेटला त्याने कायम केलं नाही. जूनमध्ये पॉल मॉरिस आले. त्यांनी विनिपेगचं काम आदल्या डिसेंबरात स्वतःहून सोडलं होतं. साखळीत पहिल्या आलेल्या संघाचा प्रशिक्षक बदलायचा, यालाही छाती लागते. किंवा वेडेपणा लागतो. दोन्हींत फरक नंतर कळतो.

पण निदान बरोबर असलं तरी औषधाला पैसे कुठे होते? इथे जरा बारकाईने बघायला हवं, कारण त्या रात्री बहुतेकांनी हा भाग वाचलाच नव्हता. कॅप ८ कोटी १५ लाखांवरून ८ कोटी २५ लाख झाली, म्हणजे १० लाखांची वाढ. आणि फ्लोरिडाचे खर्च? कर्णधार अलेक्झांडर बार्कोव्हचा नवा करार त्या उन्हाळ्यापासून लागू झाला: ५९ लाखांवरून थेट १ कोटी. कार्टर वरहेगीचा पगार १० लाखांवरून ४१ लाखांच्या पुढे गेला. कीथ यँडल या बचावपटूला २०२१ मध्ये पैसे देऊन घरी पाठवलं होतं. त्या बायआउटचा सर्वांत मोठा हप्ता नेमका याच वर्षी आला, ५३ लाखांच्या वर, आदल्या वर्षीपेक्षा ३० लाख जास्त. तिन्ही मिळून १ कोटीच्या आसपास जादा बोजा, आणि हातात वाढीव १० लाख.

परिणाम सरळ होता. मार्चमध्ये भारी किंमत मोजून आणलेले क्लॉड जिरू आणि बेन चेरॉट जुलैत ओटावा आणि डेट्रॉइटला निघून गेले. तिसऱ्या ओळीत चमकलेला मेसन मार्चमेंट डॅलसला गेला, वर्षाला ४५ लाखांवर. अँथनी ड्युक्लेरची टाचेवरची शीर सराव करताना तुटली, तो मोसमाचा बराच काळ बाहेर. तिजोरीत ड्राफ्टचे पिकही नव्हते: २०२२ चा पहिल्या फेरीचा पिक सॅम राइनहार्टच्या सौद्यात बफेलोला, २०२३ चा चेरॉटपायी मॉन्ट्रियलला, २०२४ चा जिरूपायी फिलाडेल्फियाला. आता कचकपायी २०२५ चाही. चार वर्षांची बियाणं विकून झाली होती.

एवढं पार्श्वभूमीचं झालं. आता सौदा.

गुणांच्या तक्त्यावर ह्युबर्डो ११५, कचक १०४. ह्युबर्डोचे ८५ असिस्ट हा डाव्या विंगरसाठी एका मोसमातला विक्रम होता. पण कागदावर आणखी तीन रकाने होते. पहिला वयाचा: ह्युबर्डो २९, कचक २४. दुसरा कराराचा: ह्युबर्डो आणि वीगर दोघांचंही एकच वर्ष शिल्लक, म्हणजे पुढच्या जुलैत दोघंही मोकळे, कचक मात्र आठ वर्षांचा करार करूनच आला होता. ही युक्ती त्या वेळच्या नियमांतून निघाली. आठ वर्षांचा करार फक्त खेळाडूचा सध्याचा संघच देऊ शकत होता, इतरांना सात वर्षांची मर्यादा होती. म्हणून कॅलगरीने आधी करारावर सही घेतली आणि मग माणूस पाठवला. तिसरा रकाना डॉलरचा.

२०२२-२३ पुरतं बघा: ह्युबर्डो ५९ लाख, वीगर साडेबत्तीस लाख, बेरीज साडेएक्क्याण्णव लाख. कचक ९५ लाख. जवळजवळ बरोबरी. आणि त्या वर्षापुरतंच बोलायचं तर फ्लोरिडा तोट्यातच होती, कारण तेवढ्याच पैशात दोघं जाऊन एक आला. पण पुढच्या वर्षी काय? ह्युबर्डोला कॅलगरीने ऑगस्टमध्ये आठ वर्षांसाठी वर्षाला १ कोटी ५ लाख दिले, वीगरला ऑक्टोबरात साडेबासष्ट लाख. दोघं मिळून वर्षाला १ कोटी साडेसदुसष्ट लाख. फ्लोरिडाला हे दोघं ठेवायचे असते तर साधारण याच घरातले आकडे समोर आले असते, आणि बार्कोव्ह आणि पहिला गोलरक्षक बोब्रोव्स्की यांचे कोटी-कोटी बाजूला काढल्यावर ते शक्यच नव्हतं. म्हणजे ‘ह्युबर्डो आणि वीगर की कचक’ असा पर्याय फ्लोरिडापुढे नव्हताच. पर्याय होता ‘एक वर्षाचे ह्युबर्डो-वीगर की आठ वर्षांचा कचक’. असा प्रश्न मांडला की कोहळ्याचा आकार झटकन कमी होतो. ह्युबर्डोचा नवा करार संपेल तेव्हा तो अडतिशीत पोचलेला असेल. कचकचा संपेल तेव्हा तो ३२ वर्षांचा.

खेळाच्या शैलीचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तिथे आकडे संपतात आणि डोळे लागतात. ह्युबर्डो हा लांबून पास देणारा कलावंत. मोकळी जागा दिसली की त्याची नजर तिथे आधी पोचते. कचक गोलपोस्टसमोर जाऊन उभा राहतो, पाठीत काठ्या खातो, गोलरक्षकाशी हुज्जत घालतो, दात दाखवून प्रतिस्पर्ध्याला चिडवतो, आणि त्या गर्दीतून मागे न बघता पक वळवतो. टॅम्पाविरुद्ध फ्लोरिडाला जे जमलं नव्हतं ते हेच.

तर पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: हो, त्या रात्रीच्या कागदावरही सौदा चांगला होता. फक्त तक्त्यातला गुणांचा रकाना झाकून तो वाचायला हवा होता.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र वेगळं आहे. तिथे झिटोला मी सहज सोडणार नाही.

वीगर गेल्याने बचावातली पहिली जोडी मोडली. एरन एकब्लाडच्या बाजूला रोज वीस मिनिटांहून जास्त खेळणारा माणूस गेला, आणि त्याच्या जागी विकत आणलं कुणाला? मार्क स्टाल, वय ३५, साडेसात लाखांवर, म्हणजे लीगच्या किमान वेतनावर. ऑक्टोबरात अ‍ॅनाहाइमने वेव्हर्सवर टाकलेला जॉश महुरा उचलला. वेव्हर्स म्हणजे संघ ज्याला मोठ्या संघातून काढू पाहतो अशा खेळाडूंची यादी, तिथून दुसरा कुणीही फुकट उचलू शकतो. फॉरवर्डमध्ये निक कझिन्स ११ लाखांवर, ओटावाने बायआउट केलेला कॉलिन व्हाइट १२ लाखांवर, आणि मार्कचा मोठा भाऊ एरिक स्टाल, ३७ वर्षांचा, आधी चाचणीवर बोलावून मग किमान वेतनावर. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी बाजारात जाऊन उरलासुरला फराळ गोळा करावा तशी ही खरेदी.

यात एक गृहीतक दडलेलं होतं: वीगरची मिनिटं विकत आणायची नाहीत, घरातूनच काढायची. त्यासाठी दोन नावं होती, गुस्ताव फोर्सलिंग आणि ब्रँडन मॉन्टूर. फोर्सलिंगला जानेवारी २०२१ मध्ये कॅरोलायनाच्या वेव्हर्सवरून फुकट घेतलं होतं. मॉन्टूर त्याच वर्षी एप्रिलमध्ये बफेलोकडून एका तिसऱ्या फेरीच्या पिकावर आला होता. दोघांवर आता मोठा भार टाकायचा. हे गृहीतक खरं ठरलं, आणि भलतंच खरं ठरलं: मॉन्टूरने २०२२-२३ मध्ये ७३ गुण केले, त्याआधी तो त्याच्या जवळपासही कधी पोचला नव्हता, फोर्सलिंग ४१ गुणांपर्यंत गेला. पण दोघांपैकी एकालाही दुखापत झाली असती तर? त्यामागे स्टाल आणि महुरा. बार्कोव्ह, बोब्रोव्स्की आणि कचक या तिघांवरच कॅपचा ३५ टक्क्यांहून अधिक भाग खर्च झालेला, यँडलचा हप्ता वेगळा. चुकायला जागाच उरली नव्हती.

आणि चुकीला जागा नसली की काय होतं ते त्या हिवाळ्यात दिसलं. मॉरिस संघाला नवी शैली शिकवत होते: पक पुढे टाकायचा, मागून धावत जाऊन प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूला कठड्यावर चेपायचं, तिथून खेळ उभा करायचा. धावण्याची सवय असलेल्या संघाला हे पचायला वेळ लागला. बार्कोव्ह चौदा सामने हुकला. पॅट्रिक हॉर्नक्विस्ट डिसेंबरात डोक्याच्या दुखापतीने गेला तो गेलाच. ड्युक्लेर फेब्रुवारीपर्यंत नव्हता. दुसरा गोलरक्षक स्पेन्सर नाइट फेब्रुवारीत लीगच्या खेळाडू-साहाय्य कार्यक्रमात दाखल झाला. जानेवारीत संघ प्लेऑफच्या रेषेखाली होता आणि त्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक मॉन्ट्रियलला गेल्याची आठवण लोक झिटोला रोज करून देत होते. कचक एकटा ४० गोल आणि ६९ असिस्ट करत, १०९ गुणांनी संघाला ओढत होता.

मार्चअखेर बोब्रोव्स्की आजारी पडला आणि गोलमध्ये आला अ‍ॅलेक्स लायन, जो मोसमाचा बराचसा काळ खालच्या लीगमध्ये खेळत होता. पाठोपाठ सहा सामने जिंकले. तरीही ९२ गुणांवर गाडी थांबली, आणि आत जाणं न जाणं दुसऱ्यांच्या निकालावर आलं. ११ एप्रिल २०२३ ला तळात असलेल्या शिकागोने पिट्सबर्गला पिट्सबर्गच्याच मैदानात ५-२ ने हरवलं. त्याच रात्री बफेलोही हरलं. ते दोन्ही संघ ९१ वर राहिले, फ्लोरिडा ९२ वर आत. एका गुणाने.

गंमत पुढे आहे. कॅलगरीचे त्या मोसमातले गुण किती? ९३. फ्लोरिडापेक्षा एक जास्त! पण ते पश्चिमेकडच्या गटात, तिथली रेषा वर होती, म्हणून ते बाहेर. साखळीच्या गुणांवर सौद्याचा निवाडा करणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा. शिकागोचा तो सामना उलटा फिरला असता तर झिटोचं कौतुक करणारे सगळे लेख ‘उतावळा नवरा’ या मथळ्याखाली छापले गेले असते.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. पहिल्या फेरीत बोस्टन, ज्यांनी ६५ विजय आणि १३५ गुणांचा विक्रम केला होता. फ्लोरिडा ३-१ ने मागे पडली, तिथून सातव्या सामन्यापर्यंत आली. त्या सातव्या सामन्याचा धावफलक मात्र मी पुन्हा पुन्हा बघतो. फ्लोरिडाचे चार गोल. पहिला मॉन्टूर. दुसरा राइनहार्ट. संपायला मिनिटभर उरलेलं असताना बरोबरीचा, पुन्हा मॉन्टूर. जादा वेळेत विजयाचा, वरहेगी. यात कचकचा एकही नाही. मॉन्टूर तिसऱ्या फेरीच्या पिकावर आलेला. वरहेगीला टॅम्पाने २०२० मध्ये साधा पुढचा प्रस्तावही दिला नव्हता, म्हणून तो मोकळा होता. टोरंटोविरुद्ध मालिका संपवणारा जादा वेळेतला गोल केला निक कझिन्सने, त्याच ११ लाखांच्या माणसाने. फुकट मिळालेला फोर्सलिंग पुढच्या फेरीत त्याला सोडून देणाऱ्या कॅरोलायनाविरुद्धच पहिल्या जोडीत खेळला, आणि ४-० ने जिंकला. त्या मालिकेतले तीन विजयी गोल कचकचे होते: एक चौथ्या जादा वेळेत, एक जादा वेळेत, एक सामना संपायला पाच सेकंदही नसताना. ताऱ्याने ताऱ्याचं काम केलं, पण तिथवर पोचवलं ते जुन्या भंगारबाजारातून उचललेल्या माणसांनी. आणि ती माणसं २०२२ च्या उन्हाळ्यातली नव्हती, कझिन्स सोडला तर. ती त्याआधीच्या दोन वर्षांत झिटोने एकेक करून जमवलेली होती.

२०२२ च्या उन्हाळ्याची उणीव अंतिम फेरीत उघडी पडली. व्हेगासविरुद्ध तिसऱ्या सामन्यात कचकच्या छातीचं हाड मोडलं. चौथा सामना तो तसाच खेळला, पाचव्यात नव्हता. एकब्लाड बोस्टनच्या मालिकेपासून मोडक्या पायावर खेळत होता. पाचवा सामना ९-३. व्हेगासच्या चार ओळी आणि तीन जोड्या जूनमध्येही ताज्या होत्या. फ्लोरिडाकडे दुखावलेल्यांच्या जागी घालायला माणसंच नव्हती.

म्हणून माझा निवाडा असा: सौदा उत्तम, उन्हाळा अर्धवट. चषक जिंकणारा संघ पूर्ण झाला तो पुढच्या उन्हाळ्यात. २०२३ मध्ये यँडलचा हप्ता साडेबारा लाखांच्या आत आला, हॉर्नक्विस्टचे ५३ लाख मोकळे झाले. झिटोने त्यात दुसरा तारा घेतला नाही. ऑलिव्हर एकमन-लार्सन साडेबावीस लाख, निको मिक्कोला २५ लाख, दिमित्री कुलिकोव्ह १० लाख, इव्हान रॉड्रिग्ज ३० लाख, राखीव गोलरक्षक अँथनी स्टोलार्झ ११ लाख. पाच जणांची बेरीज साडेअठ्ठ्याण्णव लाख, म्हणजे साधारण एका कचकच्या पगारात पाच माणसं, त्यांत तीन बचावपटू. मोसम सुरू झाला तेव्हा एकब्लाड आणि मॉन्टूर दोघंही खांद्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत होते. वर्षभरापूर्वी हेच झालं असतं तर संघ नोव्हेंबरातच कोसळला असता. या वेळी गाडी डगमगलीही नाही. ११० गुण, गटात पहिला क्रमांक, आणि २४ जून २०२४ ला एडमंटनविरुद्ध सातव्या सामन्यात २-१. फ्लोरिडाचा पहिला स्टॅनले कप. पुढच्या वर्षी पुन्हा एडमंटन, पुन्हा चषक. त्या वेळी प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला सॅम बेनेट, ज्याला २०२१ मध्ये कॅलगरीकडूनच एका दुसऱ्या फेरीच्या पिकावर आणि एका तरुण खेळाडूवर आणलं होतं. कॅलगरीने फ्लोरिडाची केलेली सेवा मोजायची तर तीही हिशेबात धरावी लागेल.

कॅलगरीला मात्र मी मूर्ख म्हणणार नाही. २०२१-२२ मध्ये त्यांचे १११ गुण होते. पहिल्या ओळीतले गॉड्रो, लिंडहोम आणि कचक या तिघांनी प्रत्येकी चाळीस किंवा अधिक गोल केले होते. १३ जुलैला जॉनी गॉड्रो करार संपल्यावर कोलंबसला निघून गेला, बदल्यात काहीच न मिळता. आठवडाभरात कचकने सांगितलं की मीही इथे दीर्घ करार करणार नाही. तो ज्या ठिकाणी जायला तयार होता ती नावंही मोजकी, म्हणजे विकणाऱ्याचा हात आधीच पिरगळलेला. त्या अवस्थेत जनरल मॅनेजर ब्रॅड ट्रेलिव्हिंगने ११५ गुणांचा फॉरवर्ड, पहिल्या जोडीचा बचावपटू आणि पिक काढून दाखवला. सौदा म्हणून ती कमाल होती. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही आणि हिवाळ्यात समुद्रकिनारा आहे. कॅलगरीत यातलं काहीच नाही. ही विषमता कुठल्या कॅपने भरून निघणार?

त्यांची चूक तेरा दिवसांनी झाली. ४ ऑगस्टला, ह्युबर्डो कॅलगरीच्या जर्सीत एकही सामना खेळण्याआधी, त्याला ८ कोटी ४० लाखांचा आठ वर्षांचा करार दिला गेला. गॉड्रो आणि कचक यांनी पाठ फिरवल्यावर शहराला ‘कुणीतरी इथे राहू इच्छितो’ हे दाखवायचं होतं, ते मी समजू शकतो. पण तो करार नव्या मोसमापासून लागू होणार नव्हताच. जुना करार वर्षभर शिल्लक होता. थांबून बघता आलं असतं. डॅरिल सटर यांच्या करड्या, बचावाला पहिलं स्थान देणाऱ्या पद्धतीत ह्युबर्डो बसलाच नाही. ११५ वरून ५५. एका मोसमात ६० गुणांची घसरण, लीगच्या इतिहासातली सर्वांत मोठी. एप्रिलमध्ये ट्रेलिव्हिंग गेले, १ मे २०२३ ला सटर यांना काढलं. वीगर मात्र पैसे वसूल करून देणारा निघाला. २०२३-२४ मध्ये त्याने बचावपटू असून २० गोल केले.

राहता राहिला तो पहिल्या फेरीचा पिक, जो त्या रात्री सगळ्यांना फ्लोरिडाच्या घोडचुकीची खूण वाटला होता. जून २०२५ मध्ये कॅलगरीने तो वापरला, ३२व्या क्रमांकावर, पहिल्या फेरीतला शेवटचा. ३२ संघांच्या लीगमध्ये तो क्रमांक चषक जिंकणाऱ्या संघाच्या पिकाला मिळतो.